दिवसभराची सुट्टी : ग्लासगोच्या स्वस्त सहलींचा इतिहास

इतिहासलेखनात श्रमाची मोजदाद पुष्कळ झाली आहे. विश्रांतीची मात्र त्या मानाने फारच थोडी. कारखान्याचे भोंगे, पाळीचे तास, मजुरीचे दर, संपांच्या तारखा यांची नोंद दप्तरांतून सापडते. त्याच कारखान्यातला माणूस वर्षातून एकदा बायकामुलांना घेऊन कुठे गेला, शिदोरीत काय बांधून नेले, तिकिटाचे पैसे कसे जमवले, हे शोधू गेल्यास हाती येतात ती काही जुनी वेळापत्रके, काही जाहिराती आणि पुष्कळशा आठवणी. आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत. त्यामुळे दप्तरांपेक्षा अशा आठवणींकडे आमचे लक्ष अधिक जाते, हे मान्य करूनच या विषयाकडे वळतो.

विषय आहे स्कॉटलंडमधील ग्लासगो या शहराचा, आणि त्यातही एका साध्या गोष्टीचा : उन्हाळ्यात चार माणसांच्या कुटुंबाला फारसे पैसे न खर्चता एक दिवस घराबाहेर कुठे काढता येतो? आज या प्रश्नाचे उत्तर पर्यटनाच्या कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. पुराणवस्तुसंग्रहालये विनामूल्य आहेत, उद्याने खुली आहेत, सरोवर आणि समुद्र तासाभराच्या अंतरावर आहेत. जून महिन्यात तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवसही भरपूर मोठा मिळतो. परंतु हे सारे तेथे आपोआप आलेले नाही. स्वस्त सहलीसाठी तीन गोष्टी लागतात : मोकळा वेळ, जाण्याचे साधन आणि पोहोचल्यावर पाय टेकवू देणारी जागा. ग्लासगोच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या झगड्यांतून सामान्य माणसाच्या वाट्याला आल्या. त्या झगड्यांचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वेळेचा विचार करू. 'ग्लासगो फेअर' ही जत्रा आठशे वर्षांहून जुनी. विल्यम द लायन या राजाने ग्लासगोच्या बिशप जोसेलिनला बाराव्या शतकाच्या अखेरीस, सुमारे ११९० मध्ये, दर जुलैत आठ दिवसांची जत्रा भरवण्याची सनद दिली. आरंभी ती गुराढोरांच्या आणि मालाच्या खरेदीविक्रीची जत्रा होती. एकोणिसाव्या शतकात खेळ, तमाशे, फिरती नाटके, जनावरांची प्रदर्शने यांनी ती गजबजली आणि क्लाइड नदीच्या काठी 'ग्लासगो ग्रीन' या सार्वजनिक मैदानाच्या तोंडाशी भरू लागली. औद्योगिक शहर वाढले तशी जत्रा ओसरली आणि सुट्टी तेवढी उरली. जुलैच्या उत्तरार्धात गोद्या, लोखंडाचे कारखाने, सूतगिरण्या एकदम बंद होत. सगळे शहर एकाच वेळी रिकामे व्हायचे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही सुट्टी दीर्घकाळ बिनपगारी होती. भरपगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ मध्ये झाला, आणि त्याचा लाभ सर्वदूर पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. तोपर्यंत 'फेअर' म्हणजे मजुराच्या दृष्टीने मजुरी बुडण्याचे दिवस होते. मग सहल कशी घडत असे? ग्लासगोच्या बोलीत 'मेनॉज' नावाचा एक शब्द आहे. शेजारणी दर आठवड्याला ठरावीक नाणी एकीकडे जमा करीत आणि पाळीपाळीने किंवा ठरलेल्या दिवशी उचलत. आपल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. आपण याला भिशी म्हणतो. सुट्टीचा हक्क कायद्याने दिला, त्याआधी कित्येक वर्षे चाळीतल्या बायकांनी तो असा पैपैने विकत घेतला होता. स्वस्त सहलीच्या इतिहासाचे पहिले श्रेय आम्ही या भिशीला देऊ.

आता साधनाचा विचार. त्यासाठी पुन्हा ग्लासगो ग्रीनवरच जावे लागते. १७६५ मधील एका रविवारी दुपारी जेम्स वॉट या मैदानावर फिरायला गेला असताना, वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती त्याला सुचली, अशी नोंद आहे. वाफेच्या यंत्राला खरी गती मिळाली ती या कल्पनेमुळे. कारखान्यांच्या युगाला बळ देणारा विचार एका रिकाम्या दुपारी, सार्वजनिक मैदानावर, पायी फिरताना सुचावा, याची मौज वाटते. विश्रांतीला निरुपयोगी ठरवणाऱ्यांनी ही दुपार ध्यानात ठेवावी.

त्याच वाफेवर १८१२ च्या ऑगस्टमध्ये 'कॉमेट' नावाची आगबोट क्लाइड नदीत धावू लागली. युरोपात उतारूंची नियमित ने-आण यशस्वीपणे करणारी ही पहिली आगबोट. तिचा मालक हेन्री बेल. त्याचे हेलेन्सबर्ग येथे समुद्रस्नानासाठी येणाऱ्यांकरिता विश्रामगृह होते आणि त्याची पत्नी ते चालवीत असे. म्हणजे या ऐतिहासिक जलप्रवासाच्या मुळाशी गिऱ्हाइके आणण्याची अगदी व्यवहारी निकड होती. जाहिरातीत भाडे दिले आहे : उत्तम कक्षासाठी चार शिलिंग, दुसऱ्यासाठी तीन. मजुराला ते परवडण्यासारखे नव्हतेच. पण नफा दिसताच बोटी वाढल्या, मालकामालकांत चुरस लागली, कप्तान धक्का आधी गाठण्यासाठी बोटी शर्यतीत घालू लागले आणि भाडी उतरत उतरत पेन्सांवर आली. १८४१ मध्ये ग्रीनॉकपर्यंत आणि १८६५ मध्ये वीम्स बेपर्यंत आगगाडी पोहोचली. पुढे रेल्वे कंपन्यांनी स्वतःच्याच बोटी काढल्या. गाडीतून उतरावे आणि थेट बोटीत चढावे, अशी सोय झाली. वीम्स बेचे १९०३ मध्ये नव्याने बांधलेले स्थानक आजही उभे आहे. काचेच्या छताखालून वळत, उतरत धक्क्याकडे जाणारा त्याचा रुंद मार्ग पाहिला की बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर किती गर्दी असली पाहिजे, याची कल्पना येते.

या प्रवासाला ग्लासगोकर आपल्या बोलीत 'डून द वॉटर' म्हणत. शब्दशः अर्थ, पाण्याने खाली जाणे. नदीच्या प्रवाहाबरोबर मुखाकडे, म्हणजे धुरातून मोकळ्या हवेकडे. डनून, रॉथसी, लार्ग्स, मिलपोर्ट ही या वाटेवरची गावे. ज्यांना आठवडाभर राहणे शक्य होते ते एखादी खोली भाड्याने घेत; ज्यांना नव्हते ते सकाळी जाऊन रात्री परतत. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्लासगोतील निम्म्याहून अधिक माणसे एका किंवा दोन खोल्यांच्या घरांत राहत होती, हे लक्षात घेतले म्हणजे बोटीच्या उघड्या डेकचे मोल समजते. तो डेक हीच त्या कुटुंबाची वर्षातली सर्वांत मोठी खोली असे.

परंतु सुट्टी कोणाची, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. रॉथसीच्या भाड्याच्या खोलीत अंथरूण-पांघरूण, भांडी, चहासाखर सगळे घरून न्यावे लागे. चूल परकी, पाणी परके, माणसे तितकीच आणि पोटेही तितकीच. कारखान्यातून बाप सुटला. स्वयंपाकातून आई सुटली असे म्हणता येत नाही. ग्लासगो ग्रीनचा इतिहासही हेच सांगतो. ज्या हिरवळीवर आज लोक निवांत बसतात, तेथे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी कपडे धुतले आणि वाळत घातले. दोऱ्या बांधण्याचे लोखंडी खांब अजूनही मैदानावर उभे आहेत. एकाच जागी एकाचा विरंगुळा आणि दुसरीचे काम, असा हा दुहेरी इतिहास आहे. कोणत्याही काळच्या 'कौटुंबिक सहली'चा हिशेब मांडताना शिदोरी कोणी बांधली, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

दुसरा झगडा वाराचा होता. मजुराला मोकळा वार एकच, रविवार. आणि स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन धर्ममतानुसार तो वार केवळ उपासनेचा. १८५३ मध्ये 'एम्परर' नावाच्या बोटीने रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या. गेअरलॉखहेडच्या धक्क्यावर तेथील जमीनदार सर जेम्स कोहून यांनी आपली माणसे उभी करून वाट अडवली. बोटीतल्या उतारूंनी अडथळा मोडून किनारा गाठला. प्रकरण न्यायालयात गेले आणि धक्का रविवारी वापरण्यास जमीनदाराने मनाई मिळवली. ही हाणामारी पुढे 'गेअरलॉखहेडची लढाई' या काहीशा विनोदी नावाने ओळखली गेली. नाव विनोदी असले तरी प्रश्न गंभीर होता. धर्म, मालमत्ता आणि विश्रांती यांपैकी कोणाचा अधिकार मोठा? ज्याला आठवड्याचे सातही दिवस स्वतःचे होते, त्याने ज्याला एकच दिवस मोकळा होता त्याला तो कसा घालवावा हे शिकवावे, हे दृश्य केवळ स्कॉटलंडपुरते मर्यादित नाही. येथे जमीनदाराच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु श्रद्धेच्या हातात धक्क्याची मालकी असली की तिचे स्वरूप बदलते.

तिसरी गोष्ट जागा. नदीच्या मुखापर्यंत जाणे ज्यांना जमत नसे त्यांच्यासाठी शहरातच काय होते? ग्लासगो ग्रीन पंधराव्या शतकापासून सार्वजनिक होते. १८५२ मध्ये नगरपालिकेने पश्चिमेकडे केल्विन नदीच्या काठी जमीन घेतली आणि पुढे जोसेफ पॅक्स्टनसारख्या नामांकित उद्यानरचनाकाराच्या आराखड्यावरून केल्विनग्रोव्हचे उद्यान तयार झाले. मात्र उद्यानाभोवतालचे भूखंड श्रीमंतांच्या घरांसाठी विकण्याची योजना त्यात पहिल्यापासून होती. उद्यान सर्वांसाठी होते. पण ते ज्यांच्या खिडकीतून दिसे ते सर्वजण नव्हते. पुढे दक्षिणेस क्वीन्स पार्क आणि पूर्वेस अलेक्झांड्रा पार्क आले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया पार्कच्या आखणीच्या कामात सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे अश्मीभूत बुंधे सापडले आणि ते जिथल्या तिथे, छताखाली जतन करण्यात आले. १९०६ मध्ये आर्चिबाल्ड कॅमेरॉन कॉर्बेट या खासदाराने रूकन ग्लेन हे धबधब्याचे वनोद्यान शहराला दिले. महापालिकेने १८९४ पासून ट्राम स्वतः चालवण्यास घेतली होती. त्यामुळे धबधबा ट्रामच्या तिकिटात आला.

या औदार्यामागे सगळेच निरपेक्ष होते असे मानण्याचे कारण नाही. मजूर दारूच्या गुत्त्यात बसण्याऐवजी बागेत बसावा, सभा भरवण्याऐवजी वाद्यवृंद ऐकावा, हा हेतू त्या काळच्या पुढाऱ्यांनी लपवलेला नाही. विश्रांतीला शिस्त लावण्याची ही धडपड होती. तरी तेवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल. देणाऱ्याच्या हेतूने घेणाऱ्याचा वापर ठरत नाही. ग्लासगो ग्रीनवर वाद्यवृंद वाजला आणि मताधिकाराच्या, संपांच्या प्रचंड सभाही तिथेच भरल्या. त्याच मैदानावर १८९८ मध्ये शहराच्या पूर्व भागातील कामगारवस्तीसाठी 'पीपल्स पॅलेस' उघडण्यात आला. संग्रहालय, चित्रदालन आणि काचेचे हरितगृह एकाच छपराखाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच वास्तूने सामान्य ग्लासगोकराच्या जीवनाचा, म्हणजे त्याच्या घराचा, संपाचा, स्नानगृहाचा आणि सुट्टीचा इतिहास मांडण्याचे काम केले. 'लॅनार्क' ही कादंबरी लिहिणारे अ‍ॅलास्डेअर ग्रे यांना १९७७ मध्ये येथे शहराची माणसे आणि रस्ते चितारण्यासाठी नेमण्यात आले होते. मोठ्या दुरुस्तीसाठी या वास्तूची दारे २०२४ मध्ये बंद झाली. ती उघडण्याची वाट शहर किती आतुरतेने पाहते, यावरून त्या शहराला स्वतःच्या सामान्यपणाची किती किंमत आहे हे कळेल.

केल्विनग्रोव्हचे संग्रहालय १९०१ मध्ये उघडले. १८८८ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात झालेला नफा त्याच्या बांधकामाकडे वळवण्यात आला होता. प्रवेश विनामूल्य. पावसाळी दिवसांचा तेथे तुटवडा नाही, त्यामुळे 'बाहेर जाणे' म्हणजे पुष्कळदा 'आत जाणे'च असते. १९५२ मध्ये या संग्रहालयाने साल्वादोर दालीचे वधस्तंभावरील ख्रिस्ताचे चित्र ८,२०० पौंडांना घेतले, तेव्हा कलाविद्यार्थ्यांनीच विरोध केला : एवढ्या पैशात स्थानिक चित्रकारांसाठी काय काय झाले असते! तो आक्षेप त्या वेळी अगदीच गैरवाजवी नव्हता. पण पुढच्या पिढ्यांतील असंख्य मुलांनी, एक पेनीही न देता, ते चित्र पाहिले, हेही हिशेबात धरावे लागते.

सर विल्यम बरेल या जहाजमालकाने १९४४ मध्ये आपला कलासंग्रह शहराला दिला. अट अशी की इमारत शहराच्या मध्यापासून किमान सोळा मैल दूर, स्वच्छ हवेत असावी. नाहीतर विणलेली जुनी भिंतचित्रे काजळीने खराब होतील. अशी जागा काही मिळेना. शेवटी हवा सुधारल्यावर, १९६६ मध्ये शहराला मिळालेल्या पोलॉकच्या वनोद्यानात इमारत झाली आणि १९८३ मध्ये संग्रह खुला झाला. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडला. भोवताली कुरणात लांब केसांच्या डोंगरी गाई चरत असतात आणि मुलांना संग्रहाइतक्याच, किंबहुना अधिकच, त्या आवडतात. या अटीपाशी आम्ही थोडे थबकतो. काजळी कापडाला सोसणार नाही, हे धनिकाला ठाऊक होते. त्याच काजळीत राहणारी माणसे वर्षातून एकदा भिशीच्या पैशांनी 'पाण्याने खाली' का जात होती, याचे उत्तरही त्याच अटीत आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या संदर्भात एक भेद पाहावा. सर वॉल्टर स्कॉट यांचे 'द लेडी ऑफ द लेक' हे कथाकाव्य १८१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि लॉख कॅट्रिनच्या परिसराकडे सुखवस्तू प्रवाशांची रीघ लागली. कवितेने एखाद्या भूप्रदेशाला पर्यटनस्थळ करून टाकल्याचे हे ठळक उदाहरण. १८५९ पासून त्याच सरोवराचे पाणी नळांनी ग्लासगोत आले. म्हणजे ज्यांनी ते काव्य कधी वाचले नाही त्यांनीही ते सरोवर रोज प्यायले. याउलट नील मन्रो यांनी १९०५ पासून ग्लासगोच्या सायंदैनिकात लिहिलेल्या पॅरा हँडीच्या विनोदी कथांत एक लहानशी मालवाहू बोट, तिचे चौघे-पाचजण खलाशी आणि क्लाइडच्या मुखावरची बंदरे येतात. स्कॉटच्या निसर्गात वीर आणि राजे वावरतात, मन्रोच्या निसर्गात पोट भरणारी माणसे. समीक्षेने पहिल्याला वाङ्मय म्हटले आणि दुसऱ्याला करमणूक. गरिबांची सुट्टी साहित्यात आली ती बहुधा विनोदाच्या दाराने, हे निरीक्षण मराठी साहित्याच्या अभ्यासकांनीही आपल्याकडे लावून पाहण्यासारखे आहे.

उद्यान मिळाले, धक्का मिळाला. डोंगर मात्र अजून खासगीच होते. जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये स्कॉटलंडचे डोंगर पायी फिरणाऱ्यांना खुले करण्याचे विधेयक संसदेत मांडले, ते मंजूर झाले नाही. १९३० च्या मंदीत ग्लासगो आणि क्लाइडकाठच्या गावांतले बेकार तरुण पायीच शहराबाहेर पडू लागले. मल्गायच्या पुढे क्रेगॅलियन सरोवराकाठी त्यांची शेकोटी पेटत असे. वाटसरूंनी तिथे बसावे, चहा घ्यावा, गप्पा कराव्यात आणि पुढे जावे. २०१२ मध्ये त्या जागी स्मारक उभारण्यात आले. शेकोटीचे स्मारक सहसा कोणी उभारत नाही. येथे उभारले, कारण खिशात काही नसताना निसर्गावर हक्क सांगणाऱ्या पिढीची ती खूण होती. १९८० मध्ये मल्गायपासून निघणारी ९६ मैलांची 'वेस्ट हायलंड वे' ही पायवाट अधिकृत झाली. २००२ मध्ये लॉख लोमंडचा परिसर राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि स्कॉटिश संसदेच्या २००३ च्या भूमिसुधार कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनीवर व पाण्यावर वावरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. ब्राइस यांच्या विधेयकानंतर हे घडण्यास ११९ वर्षे लागली. तरीही वाद संपलेला नाही. लॉख लोमंडच्या काठच्या काही भागांत मार्च ते सप्टेंबर परवान्याशिवाय तंबू ठोकण्यास २०१७ पासून बंदी आली. कचरा आणि नासधूस ही त्यामागची कारणे खरी आहेत. आणि तंबू हा गरिबाचा निवारा असतो, हेही खरे आहे.

या साऱ्या व्यवस्थेला उतरती कळा लागली ती कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. १९६० नंतर स्पेनच्या किनाऱ्याकडे स्वस्त विमाने जाऊ लागली आणि तिथे जुलैत पाऊस नसतो. ट्राम १९६२ मध्ये बंद झाली. गोद्या एकेक करून मिटल्या, तशी सगळ्या शहराची एकच सुट्टी ही कल्पनाही विरत गेली. बोटी कमी झाल्या. १९४७ मध्ये पाण्यात धावू लागलेली 'वेव्हर्ली' ही चाकांची आगबोट १९७३ च्या हंगामानंतर थांबली. १९७४ मध्ये ती अशा बोटींचे जतन करणाऱ्या संस्थेला अवघ्या एका पौंडाला देण्यात आली. समुद्रात उतारू नेणारी चाकांची ती जगातील शेवटची आगबोट. ती अजूनही उन्हाळ्यात क्लाइडवर फेऱ्या करते. मात्र चौघांच्या कुटुंबाने तिचे तिकीट काढताना आज थोडा विचारच करावा लागतो. जी गोष्ट एके काळी गरिबांची नित्याची होती ती दुर्मीळ झाली की वारसा ठरते, आणि वारशाला जपणुकीचा खर्च असतो.

मग आज स्वस्त दिवस कसा घडतो? पाच ते एकवीस वर्षांच्या, स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मुलामुलींना जानेवारी २०२२ पासून तेथे बसप्रवास विनामूल्य आहे. २०२५ च्या सप्टेंबरपासून सरकारी मालकीच्या रेल्वेने गर्दीच्या वेळेचे वाढीव भाडे रद्द केले. लार्ग्सपर्यंत गाडी, तेथून दहाएक मिनिटांची नाव, की ग्रेट कम्ब्रे बेट लागते. त्याला वळसा घालणारा सुमारे दहा मैलांचा रस्ता बहुतांशी सपाट. मुले सायकलने तो पुरा करतात आणि मिलपोर्टला मगरीच्या तोंडासारख्या रंगवलेल्या खडकावर बसून डबा उघडतात. म्हणजे मूळ सूत्र तेच आहे : साधन सार्वजनिक, जागा सार्वजनिक, शिदोरी घरची. यांतले पहिले दोन भाग समाजाने उचलले तरच तिसरा कुटुंबाला उचलता येतो.

शेवटी एक हिशेब उरतो, आणि तो टाळून हा लेख संपवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. ही विनामूल्य दालने कोणाच्या पैशांतून उभी राहिली? ग्लासगोची जुनी संपत्ती तंबाखू आणि साखरेच्या व्यापारातून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून आली होती. या संबंधांचा अभ्यास करवून घेऊन शहराच्या महापालिकेने मार्च २०२२ मध्ये जाहीर क्षमा मागितली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केल्विनग्रोव्ह येथेच सात वस्तूंची मालकी भारताकडे सोपवण्याच्या करारावर सह्या झाल्या. ब्रिटनमधील संग्रहालयाने भारताला अशा रीतीने वस्तू परत करण्याची ही पहिलीच वेळ. बहुतेक वस्तू एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातील देवळांतून काढून नेलेल्या. सातवी एक तलवार. संग्रहालयाच्या माहितीनुसार ती १९०५ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून चोरीस गेली आणि एका ब्रिटिश सेनापतीला विकली गेली. निजामाच्या राज्यात त्या काळी आपला मराठवाडाही होता. तेथील रयतेने भरलेला महसूल ज्या खजिन्यात जात होता, त्याच दरबारच्या संग्रहातली ही तलवार ग्लासगोतल्या मुलांनी एखाद्या पावसाळी शनिवारी फुकट पाहिली असेल, ही कल्पना मनाला चमत्कारिक वाटते.

याचा अर्थ त्या मुलांचा दिवस चुकीचा होता असा नाही. सर रॉजर नावाचा, १९०० मध्ये गोळी घालून मारलेला आशियाई हत्ती पेंढा भरून अजूनही तेथे उभा आहे आणि मुले त्याच्यापाशी रेंगाळतात. त्यांच्या कुतूहलावर इतिहासाचा बोजा टाकणे योग्य नव्हे. पण 'विनामूल्य' या शब्दाचा अर्थ 'कोणीच मूल्य दिले नाही' असा होत नाही, हे मोठ्यांनी जाणून असावे. ते मूल्य भिशीतल्या नाण्यांनी दिले, धक्क्यावर मार खाणाऱ्यांनी दिले, सरोवराकाठच्या शेकोटीभोवती बसलेल्या बेकारांनी दिले. आणि ज्यांना ग्लासगो हे नावही ठाऊक नव्हते अशा दूरदेशीच्या माणसांनीही दिले. सहलीहून परतताना मुले गाडीत झोपी जातात. उन्हाळ्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो; तेवढ्या उजेडात हा हिशेब एकदा वाचून पाहायला हरकत नाही.